कुंकू न लावलेला कॅमेरा

“मग किती धरू, तात्या?”

इंद्रजितने विचारलं आणि कॅमेरा काउंटरवर ठेवला.

लहानसा कॅमेरा. काळं प्लास्टिक. पुढे कंपनीनेच दिलेली साधी लेन्स. पट्टा घामाने पांढरा पडलेला. शिकाऊ माणूस पहिल्यांदा दुकानात जाऊन जो डिजिटल एसएलआर मागतो, तोच.

तात्या भिंगातून एका जुन्या फोटोवरचा बुरशीचा डाग बघत होते. त्यांनी मान वर केली नाही.

“काय धरायचं?”

“किंमत. कॉलेजचं एक पोरगं दसऱ्याला न्यायला येणार आहे. त्याला शिकायचंय.”

“तू सांग की.”

“नऊ हजार. पट्टा फुकट.”

“चुकली,” तात्या म्हणाले.

इंद्रजित साळुंखे विट्याचा. गलाईवाल्याचा मुलगा. विट्याची माणसं सोनं गाळायला मुलूखभर पांगलेली. त्याच्या बापाची भट्टी कोइमतूरला. अशा घरातलं पोर पाळण्यातच भाव शिकतं. वस्तू हातात आली की किंमत तोंडात येते. ती चुकली, असं इंद्रजितला आजवर कुणी म्हटलं नव्हतं.

“बाजारात हाच भाव आहे, तात्या.”

“बाजाराचा मी इचारला न्हाई.”

“मग कुणाचा?”

तात्या पुन्हा भिंगात बघू लागले.

...

हैबततात्या सुर्वे कोण, हे त्या भागात सांगावं लागत नसे. आसपासच्या गावांत देवघराशेजारी जे पूर्वज हार घालून टांगलेले आहेत, त्यांतले निम्मे तात्यांनी काढलेले. बोलणं कमी. हसणं त्याहून कमी. नवरदेवालाही ते सांगत, “तोंड मिट. दात लग्नानंतर दाव.” आणि नवरदेव तोंड मिटत.

त्यांच्या स्टुडिओचा एक रिवाज होता. हाताखालचा शागीर्द कितीही तयार झाला, तरी तात्यांनी ‘जा’ म्हटल्याशिवाय त्याने स्वतःचा बोर्ड लावायचा नाही. कुठे लिहिलेलं नव्हतं. पण ज्याने कुणी हा रिवाज मोडून दुकान मांडलं, त्याच्या दारात गिऱ्हाईक आधी एकच विचारी, “तात्या काय म्हणाले?”

इंद्रजित तयार झाला होता. हे तो स्वतःच सांगत असे, आणि खोटं सांगत नसे. लग्नाचा मुहूर्त काढायला लोक भटजींकडे जात, पण त्याआधी इंद्रजितला फोन करत. त्याच्याकडे होता तसला कॅमेरा तालुक्यात दुसऱ्या कुणाकडे नव्हता. स्टँडजवळ त्याने गाळा घेतला होता. बोर्ड रंगून आला होता, गाळ्यात भिंतीकडे तोंड करून उभा होता.

अडलं होतं ते तात्यांच्या एका शब्दावर.

तो शब्द त्याने त्याच दिवशी मागितला.

“तात्या, दसऱ्याला बोर्ड लावू?”

तात्यांनी भिंग खाली ठेवलं. लहान कॅमेऱ्याकडे बोट केलं.

“याची किंमत बरोबर सांग. मग लाव.”

इंद्रजित हसला. एवढंच ना!

...

दुसऱ्या दिवशी तो तयारीने आला.

“तात्या, याला अंधार सोसत नाही. उजेड कमी झाला की फोटोत दाणे पडतात. घाईच्या कामाला हा नाही. नवरीने डोळे मिटले की मिटले, हा दुसरा फोटो काढेपर्यंत ती माप ओलांडून आत गेलेली असते. खालून वरून प्लास्टिक. माझ्या कॅमेऱ्यापुढे हा पासंगालाही पुरायचा नाही.”

“ही उणी बाजू झाली.”

“हो.”

“आन् जमेची?”

इंद्रजितने डोकं खाजवलं.

“...स्वस्त आहे.”

“चुकली.”

संध्याकाळी त्याने दुसऱ्या वाटेने जाऊन पाहिलं. आवाज जरा ओला केला.

“तात्या, खरं सांगू? माझा पहिला कॅमेरा आहे हा. यावरच हात बसला. अमोल आहे माझ्यासाठी.”

तात्यांनी पहिल्यांदा त्याच्याकडे नीट बघितलं.

“अमोल हाय, तर इकतोस कशाला?”

...

“म्हणजे हीपण चुकली?”

“न्हाई. ही खोटी.”

इंद्रजितची कानशिलं तापली. घरी जाताना तो स्वतःशीच बडबडला. म्हातारा अडवतोय. हाताखालचा हात सुटू नये म्हणून अडवतोय. नाहीतर प्लास्टिकच्या डब्याची किंमत सांगायला कुठे शास्त्र लागतं?

...

खंडेनवमी आली.

खंडेनवमीला ज्याचं त्याचं हत्यार पूजेला बसतं. सुताराचा रंधा, न्हाव्याचा वस्तरा, शिवणाऱ्याची कात्री. हळदकुंकू लागलं की त्या हत्याराला विश्रांती. दसऱ्याला सकाळी पूजा उठेपर्यंत त्याला हात लावायचा नाही. राजा आला तरी नाही.

तात्यांच्या स्टुडिओत कॅमेरे बसत.

ओळ लावायचा मान इंद्रजितचा. त्याने घोंगडी अंथरली, वर पांढरं कापड. आधी तात्यांच्या गुरूचा लाकडी पायांचा जुना कॅमेरा, काळ्या कपड्यासकट. मग वर-खाली दोन लेन्सांचा, दोन डोळ्यांचा. मग रोलवाले. मग त्याचा स्वतःचा, मोठा, लेन्स वर करून, तोफ ठेवावी तसा. मग बाकीच्या लेन्सा, तिपाया, छत्र्या, लाइटांचे डबे. कॉम्प्युटर आणि प्रिंटर जागेवरच होते, त्यांना झेंडूची माळ. ओळ बघण्यासारखी झाली होती, आणि लावणाऱ्यालाही ते ठाऊक होतं.

तात्या कुंकवाची ताटली घेऊन आले.

“सगळी बसली?”

“सगळी.”

तात्यांची नजर मागच्या फळीवर गेली. तिथे पिशवीत लहान कॅमेरा होता.

“आन् त्यो?”

“त्याला काय कुंकू लावायचं, तात्या? उद्या जायचाच आहे तो. शिवाय या ओळीत शोभायचा नाही.”

तात्या वाकले. एकेका कॅमेऱ्याला बोट टेकवत ओळीच्या टोकापर्यंत गेले. लाकडी कॅमेऱ्यापुढे जरा जास्त वेळ थांबले. मग ताटली खाली ठेवली.

पूजा झाली.

...

दुपार कलली होती. दोघे काउंटरमागे बसले होते, काम नसलेल्या माणसांसारखे.

“हैबत हाय का?”

इंद्रजित दचकला. तात्यांना एकेरी हाक मारणारं माणूस विट्यात आता उरलं नव्हतं.

दारात सिदू पैलवान उभे होते. बलवडीचे. ऐंशी ओलांडलेले, पण दार भरून. भगवा फेटा, पांढरा सदरा, धोतर. दोन्ही कान मोडून मोडून कांद्यासारखे झालेले. असले कान मातीत वर्षं घातल्याशिवाय मिळत नाहीत, आणि सिदू पैलवान ते फेट्याखाली झाकत नसत.

तात्या उठून उभे राहिले.

गिऱ्हाइकासाठी तात्या उठलेले इंद्रजितने कधी पाहिले नव्हते.

“ये सिदू.”

“फोटो काढ.”

तात्यांचं तोंड उघडं राहिलं.

त्याला कारण होतं. सिदू पैलवान कॅमेऱ्यापुढे उभे राहत नसत. तरुणपणी सांगलीच्या मैदानात त्यांची मोठी कुस्ती झाली होती. समोरच्या जोडीदाराने त्यांना खांद्यावर उचललं, आणि नेमका तेव्हाच कुणा पेपरवाल्याने फोटो काढला. पैलवानांनी त्याच खांद्यावरून डाव मारून कुस्ती जिंकली. पण पेपरात आलं ते डोकं खाली, पाय वर. गावोगाव तोच कागद फिरला. त्या दिवसापासून त्यांनी फोटोला पाठ दाखवली. कुस्तीत कुणाला दाखवली नव्हती, ती फोटोला दाखवली.

तात्या दर जत्रेत त्यांना विचारत. पैलवान दर जत्रेत नाही म्हणत. तात्यांना उभ्या आयुष्यात एकाच माणसाने नाही म्हटलं होतं.

“आज कसा काय आलास?”

“तालमीत भितीवर वस्तादांच्या फोटूंची वळ लावलीया. उद्या शिलंगणाच्या आधी सगळ्यांना हार घालायचा. पोरं म्हणाली, वस्ताद, तुमची जागा तेवढी मोकळी दिसती.” पैलवानांनी मिशीवर हात फिरवला. “मोकळी जागा म्हंजी जोड मैदानात आलाच न्हाई. असं कसं चाललं?”

“गदा न्हाई आणलीस?”

“गदा पूजंत हाय. आज उचलत न्हाई.”

“आज न्हाई,” तात्या म्हणाले, आणि त्यांनी पूजेच्या ओळीकडे बघितलं.

इंद्रजित तोवर ओळीपाशी पोहोचला होता. त्याची बोटं शिवशिवत होती. असा चेहरा! असे कान! तो मोठ्या कॅमेऱ्याकडे वाकला.

“पैलवान, बसा. एका मिनिटाचं काम आहे. तात्या, हात जोडून उचलतो, काढतो, परत ठेवतो. देव काय रागावतोय?”

“न्हाई.”

“अहो, पण तुम्ही इतकी वर्षं यांच्या मागे...”

“न्हाई म्हटलं.”

“तात्या, हे पुन्हा यायचे नाहीत!”

“ते खरं हाय,” पैलवान दारातून म्हणाले. “आज मन झालं, आलो. उद्याचं मी सांगत न्हाई. पण पोरा, मी माझी गदा उचलली न्हाई. तू ह्ये उचललंस, तर मी चुकीच्या दारात आलो म्हणायचं.”

इंद्रजितचा हात हवेत राहिला.

...

“राहिलं मग, हैबत.”

“राहिलं, सिदू.”

तात्यांचा आवाज ताठ होता. पण काउंटरची कड त्यांनी दोन्ही हातांनी धरली होती, आणि नखं पांढरी पडली होती.

पैलवान वळले. एक पाय पायरीवर गेला.

इंद्रजितने ओळीवरून नजर फिरवली. लाकडी, दोन डोळ्यांचा, रोलवाले, त्याचा मोठा. सगळ्यांच्या कपाळी कुंकू. सगळेच विश्रांतीला बसलेले. त्यानेच बसवलेले.

एक सोडून.

“थांबा!” तो ओरडला.

फळीवरची पिशवी त्याने ओढून काढली. बॅटरी भरलेली होती. उद्याच्या गिऱ्हाइकाला चालू करून दाखवायचा म्हणून त्यानेच रात्री भरून ठेवली होती.

“हा ओळीत नाही, पैलवान. याची पूजा झालेली नाही.”

पैलवान परत फिरले. त्यांनी कॅमेरा बघितला. मग इंद्रजितकडे बघितलं. मग परत कॅमेरा.

“ह्ये?”

“हा.”

“अरं, माझ्या नातवाचं खेळणं याच्यापेक्षा दांडगं हाय. सिदू पैलवानाचा फोटो आन् ह्या डबड्यानं? भितीवरनं बाकीचं वस्ताद हसत्याल मला.”

इंद्रजितला मिरची झोंबली. परवा त्याने स्वतःच त्या कॅमेऱ्याला याहून वाईट म्हटलं होतं. पण आपल्या पोराला आपण मारावं. परक्याने बोट लावलं तर चालत नाही.

“पैलवान, एक विचारू?”

“इचार.”

“तुमची पहिली कुस्ती कशावर लागली?”

“रेवडीवर. आन् कशावर? सगळ्यांचीच रेवडीवर लागती. जत्रंत आधी बारकी पोरं सोडत्यात. जितला त्याला मूठभर रेवड्या.”

“जोड कोण होता?”

“आळसंदचा एक पोरगा. डोक्यानं माझ्यापेक्षा उंच.”

“मग?”

“मग काय? आस्मान दावलं.”

“पण रेवडीचीच कुस्ती. निम्मा जोर लावला असेल.”

पैलवानांच्या मानेची शीर फुगली.

“निम्मा?”

...

“निम्मा?” ते एक पाऊल आत आले. “पोरा, त्या दिवशी जेवढा जोर लावला तेवढा पुन्यांदा कधी लावला न्हाई. गदा घेतली तवाबी न्हाई!”

“मग ही माझी रेवडी आहे,” इंद्रजित म्हणाला. “उभे राहा.”

पैलवानांनी मग फेट्याचा शेमला मागे टाकला.

“कुटं उभा राहू?”

...

लाइटांना कुंकू लागलेलं होतं. छत्र्यांनाही. उजेड होता तो एवढाच, जो रस्त्यापलीकडच्या चुन्याच्या भिंतीवर आपटून दारातून आत येत होता.

इंद्रजितने पैलवानांना दाराच्या आत घेतलं, भिंतीपासून सुटं. कॅमेरा डोळ्याला लावला. आतलं चौकोनी भोक बारीक आणि अंधारं. किल्लीच्या भोकातून घर बघावं तसं. मोठ्या कॅमेऱ्याने तो लांब उभा राहिला असता. बोट दाबून धरलं असतं आणि ढिगातून एक वेचला असता. याच्याकडून ते होणार नव्हतं. याच्यापुढे माणूस ओळखावा लागत होता, आणि वेळही.

तो एक पाऊल पुढे गेला. अजून एक.

“लई जवळ येऊ नगंस,” पैलवान गुरगुरले. “हाताला सवय हाय. पट काढून पाडीन.”

“पाडा. फोटो झाल्यावर.”

उजेड दोन्ही बाजूंनी सारखा पडत होता. चेहरा सपाट दिसत होता, कान हरवत होते. इंद्रजित तोंड उघडणार, तोच दाराची एक फळी हळूच लोटली गेली. अर्ध्या चेहऱ्यावर सावली आली. मोडलेला कान दगडात कोरल्यासारखा उठला.

फळी धरून तात्या उभे होते.

आजवर दार लोटायचं काम इंद्रजितचं होतं. तात्या फोटो काढत, तो फळी धरी. त्याने डोळा कॅमेऱ्याला लावलेलाच ठेवला. तिकडे बघितलं असतं तर हात हलला असता.

“पैलवान, त्या आळसंदच्या पोराचं नाव काय?”

“धोंडी.”

“आता कुठे असतो?”

“हाय की. म्हातारा झालाय माझ्यासारखा.” पैलवानांची हनुवटी आपोआप वर आली. डोळ्यांच्या कडा आवळल्या. “पण बाजारात गाठ पडली की अजून नजर चुकवतंय बेणं.”

कॅमेऱ्याने खाट् केलं.

...

इंद्रजितने कॅमेरा खाली घेतला. दुसरा काढला नाही. लागणारच नव्हता.

पाठीमागचा छोटा पडदा त्याने पैलवानांपुढे धरला. पैलवानांनी तो हातभर लांब धरून बघितला, मग नाकाजवळ आणून. रस्त्यावरून एक ट्रॅक्टर गेला, त्याचा आवाज पार विरला, तरी ते बघतच होते.

“डोकं वर हाय,” शेवटी ते म्हणाले.

तात्या मिशीत हसले. हेही इंद्रजितने कधी पाहिलं नव्हतं.

“सावलीत जरा दाणे पडलेत,” इंद्रजित सवयीने म्हणाला.

“ती माती हाय,” पैलवान म्हणाले. “ऱ्हाऊ दे.”

“उद्या उजाडता पूजा उठली की लगेच मोठा करून देतो. हार घालायच्या आत तालमीत पोचेल.”

“मी पोरं धाडतो.” पैलवान पायरी उतरले. मग मागे वळून, इंद्रजित तिथे नसल्यासारखं, म्हणाले, “हैबत, ह्ये पोरगं कुणाचं?”

“साळुंख्याचं. गलाईवालं.”

“तसं न्हाई इचारलं. कुणाचं?”

तात्यांनी दाराची फळी उघडली. ती पुरती भिंतीला टेकवली.

“माझं,” ते म्हणाले.

पैलवानांनी मान हलवली आणि रस्त्याच्या मधून निघाले. सायकलवाले बाजूला झाले.

...

स्टुडिओत झेंडूचा वास होता. इंद्रजितच्या हातात अजून लहान कॅमेरा होता. त्याचं प्लास्टिक तळहाताने गरम झालं होतं.

“सांग,” तात्या म्हणाले.

“काय?”

“किंमत.”

इंद्रजितने कॅमेरा उलटा केला, सुलटा केला. वस्तू हातात होती. तोंडात काही आलं नाही.

“आज भाव फुटत नाही, तात्या.”

“गलाईवाल्याचं पोर तू.”

“तरी.”

तात्या नुसतं “हं” म्हणाले. ‘चुकली’ म्हणाले नाहीत.

इंद्रजितला धीर आला. त्याने कॅमेरा छातीशी धरला.

“त्या कॉलेजच्या पोराला नाही म्हणून कळवतो. मी आता हा विकत नाही.”

“का?” तात्यांचा आवाज चढला. “मग त्या पोरानं रेवडीवर न लढता काय नुसती जत्रा बघायची व्हय?”

...

इंद्रजितने कॅमेरा छातीपासून दूर केला.  मग तो ओळीपाशी गेला. आपला मोठा कॅमेरा त्याने हात न लावता बघितला, आणि त्याच्या शेजारी, कापडावर, बोटभर जागा शोधली. नव्हती. त्याने ती ठेवलीच नव्हती. तो गुडघ्यावर बसला, लहान कॅमेरा मांडीवर घेतला, ताटलीत बोट बुडवलं.

कुंकवाचं बोट कॅमेऱ्याजवळ गेलं, तोच तात्यांनी मनगट धरलं.

“त्याला नको.”

“तात्या, माझं चुकलं. यालाही मान...”

“त्याला नको. त्यो कामावर हाय.”

मनगट त्यांनी सोडलं नाही. ते तसंच उचललं, वर घेतलं, आणि इंद्रजितचं कुंकवाचं बोट स्वतःच्या कपाळावर टेकवलं. दाबलं.



तात्या घोंगडीच्या कडेला बसले. गुरूच्या लाकडी कॅमेऱ्याशेजारी, ओळीत. भिंतीला पाठ टेकली. पाय लांब केले. डोळे मिटले.

“तात्या...” इंद्रजित हळूच म्हणाला. “बोर्डाचं काय करू?”

तेवढ्यात रस्त्यावरून बाईचा आवाज आला. बरोबर लेकरं असावीत, त्यांचा गलका होता.

“अवं, हाय का कुणी स्टुडिओत? फोटो काढायचाय!”

इंद्रजितने तात्यांकडे बघितलं.

तात्यांनी डोळे उघडले नाहीत.

“ऊठ,” ते म्हणाले. “तुला हाक मारत्यात.”